ओळखीचे मोल

गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी मी घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. तेवढ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पंधरा वर्षांपूर्वी तो माझ्या दहावीच्या वर्गात होता. पुढे इंजिनिअर झाला, पुण्यात एका कंपनीत लागला, लग्न झाले, हप्त्यांवर घर झाले. गुरुपौर्णिमेला आठवणीने दोन ओळी धाडणाऱ्यांपैकी तो एक. ख्यालीखुशाली झाली, पाऊसपाण्याचे बोलणे झाले, तरी तो फोन ठेवीना. शेवटी म्हणाला, "सर, चार महिने झाले, मी घरीच आहे. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मी गेलो."

मी काही बोलण्याआधीच त्याने मूळ मुद्दा काढला. नोकरी शोधणाऱ्यांच्या एका संकेतस्थळावर त्याचे नाव होते. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. पण दरमहा वर्गणी भरली, तर काही जादा सोयी मिळतात. "भरू का?" हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा त्याने थोडे थांबून विचारला. "आणि सर, ही एक प्रकारची लाच तर नाही ना?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते, म्हणून मी दुसऱ्यावर हसलो. पण फोन ठेवल्यावर दोन्ही प्रश्न माझ्यापाशीच राहिले. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशा बाबतीत कोण विचारते? त्याने विचारले, कारण त्याला बाजारभाव नको होता. आपण करतो ते बरे की वाईट, हे त्याला जाणून घ्यायचे होते. असा प्रश्न शिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो. तो हसण्यावारी नेला याची मला खंत वाटली, आणि मी त्या विषयाची माहिती काढू लागलो.

अशी स्थळे बरीच आहेत. त्यांतले सर्वांत मोठे लिंक्डइन, म्हणून उदाहरणापुरते तेच घेऊ. २००३ च्या मे महिन्यात ते अमेरिकेत सुरू झाले. दोन वर्षांनी त्यात पैसे भरून मिळणाऱ्या सोयी आल्या. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतले. आज त्याचे सभासद शंभर कोटींच्या वर आहेत, आणि त्यांच्या संख्येत अमेरिकेखालोखाल आपल्या देशाचा क्रम लागतो. माणूस तिथे आपले शिक्षण आणि अनुभव मांडतो, ओळखीच्यांशी धागा जोडतो, जाहिराती पाहून अर्ज करतो. इथवर सारे फुकट. वर्गणी भरणाऱ्याला याखेरीज मुख्यतः चार गोष्टी मिळतात. ज्यांच्याशी ओळख नाही अशांना दरमहा ठरावीक पत्रे पाठवता येतात. आपले पान कोणी उघडून पाहिले, त्यांची यादी दिसते. एखाद्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत आपण कुठे बसतो, याचा अंदाज मिळतो. आणि निरनिराळे विषय शिकवणाऱ्या पाठांचा एक मोठा संग्रह खुला होतो.

आता माझ्या विद्यार्थ्याचे प्रश्न. आधी लाचेचे पाहू. लाच निकाल विकत घेते. देणाऱ्याला जागा मिळते आणि योग्य माणसाची जाते. आपल्याकडे जागेसाठी 'देणगी' मोजणारे आणि ती पावतीशिवाय घेणारे, दोघेही मी पाहिले आहेत. त्या व्यवहाराला काय म्हणतात, हे त्या दोघांनाही ठाऊक असते. वर्गणी भरणारा निकाल विकत घेत नाही. तो फार तर दाराची कडी वाजवण्याची परवानगी घेतो. दार उघडायचे की नाही, हे आतल्याच्या मर्जीवर राहते. तेव्हा लाच म्हणून मनाला लावून घेण्याचे कारण नाही. परंतु एखादी गोष्ट लाच नाही, एवढ्यावरून ती उपयोगाची ठरत नाही. आणि उपयोगाची ठरली, तरी न्याय्य ठरत नाही. हे प्रश्न वेगळे आहेत, व ते वेगळेच सोडवले पाहिजेत.

उपयोग आहे का? थोडासा असू शकतो. शिकण्याचे पाठ ही खरी वस्तू आहे. ज्याला वेळ आहे आणि शिकण्याची निष्ठा आहे, त्याला ती पचेल. अनोळखी माणसाला पत्र लिहिता येणे, हीदेखील खरी वस्तू आहे. मात्र लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही हवे आणि ते कोणाला सांगायचे हे त्याला ठाऊक हवे. या पत्रांचा एक नियम मला विचार करायला लावून गेला. नव्वद दिवसांत उत्तर आले, तर ते पत्र हिशेबात धरत नाहीत, त्याऐवजी दुसरे लिहायला मिळते. उत्तर आले नाही, तर ते पत्र खर्ची पडते. ऊठसूट कोणी कोणालाही पत्रे पाठवू नयेत म्हणून हा नियम केला असेल, आणि तो शहाणपणाचाही असेल. पण त्याचा परिणाम असा की, ज्याची दखल घेतली गेली त्याचे पत्र फुकटात जाते, आणि ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही तो त्या न पाहण्याचे मोल भरतो.

दुसरी सोय, आपल्याला कोण पाहून गेले ती यादी. पूर्वी मुलगी पाहायला मंडळी येऊन जात, आणि मग घरातले सगळे निरोपाची वाट पाहत. जाताना ते हसले होते का, मुलीच्या मामाशी काय बोलले, पोह्यांची बशी संपवली की तशीच ठेवली, यावर रात्र रात्र चर्चा होत. त्या चर्चेने एकही लग्न ठरले नसेल. पण ती केल्यावाचून राहवत नसे. या यादीचे तसेच आहे. वाट पाहणाऱ्या माणसाला काहीतरी चाळायला हवे असते, आणि ही यादी त्याला ते पुरवते.

"पण सर, पैसे भरणाऱ्यांना नोकऱ्या लवकर लागतात असं म्हणतात," असे माझा विद्यार्थी म्हणाला होता. शिक्षकाला या युक्तिवादाची जुनी ओळख आहे. गुणवत्ता याद्या लागत त्या काळी खाजगी क्लासवाले निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मुलांचे फोटो छापत. ती मुले हुशार होती म्हणून त्या क्लासात गेली, की क्लासात गेली म्हणून हुशार झाली, हे त्या जाहिरातीवरून कधीच कळत नसे. जो पदरचे पैसे भरतो, तो बहुधा जास्त अर्जही करतो, आपले पानही नीट लिहितो, रोज सकाळी उठून शोधही घेतो. त्याच्या यशातले किती वर्गणीचे आणि किती उठण्याचे, हे वेगळे कसे काढणार? शिवाय गावच्या कुस्त्यांच्या फडात पुढच्या रांगेतला उभा राहिला, की त्याला क्षणभर बरे दिसते. मग मागचे उभे राहतात. शेवटी सगळेच उभे, आणि दिसते पहिल्याइतकेच. पाय मात्र सगळ्यांचे दुखतात.

मग नोकरी मिळते कशाने? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी नव्याने नोकरी धरलेल्या माणसांना हाच प्रश्न विचारला, आणि १९७३ साली एका निबंधात त्याचे उत्तर मांडले. ज्यांना कोणाच्या तरी सांगण्यावरून नोकरी कळली, त्यांना त्याने विचारले, की हा सांगणारा तुम्हांला किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणारा, असे सांगणारे शंभरात सतरासुद्धा निघाले नाहीत. पंचावन्नांहून अधिक जणांनी अधूनमधून भेटणाऱ्याचे नाव घेतले, आणि सत्तावीसहून अधिक जणांनी वर्षातून एखाद्याच वेळी भेटणाऱ्याचे. कारण सोपे आहे. आपल्या घरच्यांना आणि जिवलगांना जे माहीत असते, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी थोड्या दूरच्या माणसाकडून येते. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्याच सुमारे दोन कोटी सभासदांचा, पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडले ते बेताचे ओळखीचे लोक. अगदी जवळचे सर्वांत कमी. या अभ्यासासाठी सभासदांना नव्या ओळखी सुचवण्याची रीत निरनिराळ्यांसाठी निरनिराळी ठेवली होती. आपल्या पोटापाण्याच्या वाटेवर असा प्रयोग चालू आहे, याची बहुतेकांना कल्पना नसावी. हे बरे की वाईट, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ओळखी सुचवण्याची ही सोय फुकट आहे. म्हणजे या अभ्यासात जे खरे उपयोगी दिसले, त्याला वर्गणी पडत नाही.

मला हे पटले, कारण माझ्या बाबतीत तेच घडले होते. तालुक्याच्या गावी एक पुस्तकविक्रेते होते. दुकानात उभ्याने पुस्तके वाचून जाणारा मुलगा, एवढीच त्यांना माझी ओळख. शाळेला वह्या पुरवताना त्यांच्या कानावर आले, की तिथले एक गुरुजी दीर्घ रजेवर जाणार आहेत. मी दुकानात गेलो तेव्हा ते म्हणाले, "अर्ज टाकून ये." त्यांनी माझी शिफारस केली नाही, कोणाला फोन केला नाही. फक्त बातमी दिली. आजवर मी जे काही आहे, ते त्या तीन शब्दांवर उभे आहे.

इथे कोणी म्हणेल, हा तर वशिल्याचाच गौरव झाला. तसे नाही. ओळख बातमी आणते तोवर ती निर्दोष असते. ती निकाल फिरवू लागली, की तिचा वशिला होतो. परंतु याहून जड असा एक आक्षेप आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओळख आपल्या समाजात सारखी वाटलेली नाही. ती जातीच्या, शाळेच्या, सोसायटीच्या वळणाने वाहते. ज्याच्या घरात शिकलेला तोच पहिला, ज्याच्या वाडीतून शहरात कोणी गेलेले नाही, त्याने दूरची ओळख आणायची कुठून? त्याला अनोळखी माणसाच्या दारी थेट पत्र टाकता आले, आणि त्याची किंमत सर्वांना सारखीच असली, तर ती मामा-काकांच्या जगापेक्षा अधिक सभ्य व्यवस्था नव्हे काय? या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. अशा मुलाने महिन्याची वर्गणी भरली, तर त्याला हसण्याचा अधिकार ज्यांना मामा आहेत त्यांना नाही.

पण मग न्यायाचा प्रश्न अधिकच टोकदार होतो. ती किंमत त्यानेच का भरावी? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला लागायचे, तर जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस आधी जॉबरचे हात ओले करी, मग साच्यापाशी उभा राही. आणि नोकरी टिकवायची, तर तेच पुन्हा पुन्हा करी. १९३१ साली कामगारविषयक रॉयल कमिशनने आपल्या अहवालात या पद्धतीवर ताशेरे ओढले, आणि १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची नोंद ठेवून जॉबरच्या हातातली सत्ता थोडी कमी केली. पुढे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजे आली. १९४५ साली ती सैन्यातून परतलेल्यांसाठी निघाली, मग सर्वांसाठी खुली झाली. त्यांच्या कार्डावर नोकरी किती जणांना लागली, हा विनोदाचा विषय होऊन बसला हे खरे. पण त्या खिडकीपाशी गरजवंताला मोल पडत नसे, हा त्यातला विचार विनोदाचा नव्हता. १९९७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १८१ क्रमांकाचा करार संमत केला. खाजगी रोजगार संस्थांनी काम शोधणाऱ्याकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष फी घेऊ नये, असे त्यात आहे. अपवादांना वाट ठेवली आहे, पण तत्त्व स्पष्ट आहे.

या तत्त्वामागे कारण आहे. 'गरजवंताला अक्कल नसते' असे आपण म्हणतो, आणि म्हणताना दोष गरजवंताला देतो. वस्तुतः ही म्हण विकणाऱ्याला बजावणारी आहे. ज्याला या घटकेला तोलून मापून पाहता येत नाही, त्याच्याशी सौदा करताना तोलण्याची जबाबदारी तुझी, असा तिचा अर्थ घ्यायला हवा. संकेतस्थळे म्हणतील, आम्ही नोकरी देण्याचे वचन देत नाही, सोयी विकतो. ते खरे आहे. माणसे शोधणाऱ्या कंपन्यांकडूनही ती मोठ्या रकमा घेतात, आणि ते योग्यच आहे. तरीही ज्याच्या घरी पगार येतो त्याला विकलेली सोय आणि ज्याचा पगार थांबला आहे त्याला विकलेली तीच सोय, या दोन व्यवहारांचे वजन मला सारखे वाटत नाही. म्हणून माझे मत असे, की पैसे भरणाऱ्याकडे दोष नाही, उपयोग बेताचा आहे, आणि न्यायाच्या दृष्टीने हे ओझे दुसऱ्या खांद्यावर असायला हवे होते.

एवढा विचार करून, आठ दिवसांनी मी त्याला फोन केला. मनात उत्तर तयार होते. सहज म्हणून आधी विचारले, "अरे, तुझ्याबरोबरच्या कोणाला सांगितलंस का? आधीच्या कंपनीतले, कॉलेजातले?"

तो गप्प झाला. मग कळले की कोणालाही सांगितलेले नव्हते. बायकोला माहीत होते. गावी वडिलांना नव्हते. त्या संकेतस्थळावर आपल्या फोटोभोवती हिरवे कडे लावून 'मी कामाच्या शोधात आहे' असे जाहीर करता येते; त्याला पैसे पडत नाहीत. ते त्याने लावले नव्हते. "सगळे बघतील ना सर. वर्गातली मुलं, चुलते, सगळेच." माणसे नेमणाऱ्यांनाच दिसेल अशी त्यात सोय आहे, तीही त्याने धास्तीने टाळली होती. आणि तोच मुलगा अनोळखी माणसांना पत्रे लिहिण्यासाठी, पगार नसताना, दरमहा पैसे मोजायला तयार होता.

तेव्हा मला त्याचा प्रश्न प्रथमच समजला. त्याला मदत विकत घ्यायची नव्हती. मदत मागण्याची लाज टाळायची होती, आणि तिच्यासाठी तो किंमत मोजत होता. पैसे दिले की देणेघेणे फिटते, कोणाचे उपकार राहत नाहीत, कोणाच्या डोळ्यांत आपण लहान होत नाही.

ही लाज त्याला कोणी शिकवली? मीच. 'कोणापुढे हात पसरू नका' हे वाक्य मी पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. निबंधाच्या वहीत कोणी ते लिहिले, की त्याखाली लाल शाईने 'छान' लिहिले आहे. ते सांगताना मला लाचारीचा तिटकारा शिकवायचा होता. पण मागणे वेगळे आणि लाचार होणे वेगळे, हा फरक मी कधी फळ्यावर मांडला नाही. आपल्या मागच्या पिढ्यांत कित्येक जण वार लावून जेवले आणि शिकले. ती रीत जातीच्या चौकटीतली होती, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण सातही वारी वेगळ्या दारी बसलेली ती मुले पुढे मानाने वागली. धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडले, त्यांना आपण महर्षी म्हणतो. संस्थेसाठी मागणारा थोर, आणि स्वतःसाठी 'कुठे जागा असली तर कळवा' एवढे म्हणणारा लाचार, हा हिशेब कोठून आला? लाचार माणूस आपल्याला न शोभणारे मागतो, आणि त्यासाठी आपले मत गहाण टाकतो. बातमी मागणारा काहीच गहाण टाकत नाही. उलट तो समोरच्याला एक मान देतो, की तू माझ्या उपयोगी पडशील असा माणूस आहेस. माझ्या पुस्तकविक्रेत्यांचे उपकार मी फेडले नाहीत. ते फिटण्यासारखे नव्हतेच. पण त्यांच्यामुळे दुसऱ्या कोणाला तरी बातमी देण्याचे ऋण माझ्याकडे आले. पैसे मोजून घेतलेल्या सोयीत हे ऋण पुढे सरकत नाही.

हे सगळे मी त्याला फोनवर सांगितले नाही. शिक्षकाने फोनवर व्याख्यान देऊ नये. एवढेच म्हणालो, "ही लाच नाही. तुला हवे असेल तर एक महिना भर. काय घेतो आहेस ते ओळखून घे, आणि महिना संपला की बंद करायला विसरू नको. पण त्याआधी दहा जणांना फोन कर. आणि वर्गात मी तुम्हांला एक गोष्ट अर्धवट शिकवली, ती माझी चूक." तो हसला. कशाबद्दल म्हणतो आहे, ते त्याने विचारले नाही.

त्यानंतर महिनाभर त्याचा फोन नव्हता. वर्गणी भरली की नाही, हे मी विचारले नाही. त्याला अजून नोकरी लागलेली नाही, हेही इथे लिहून ठेवतो. कारण लागली असती तर हा निबंध खोटा वाटला असता. नवरात्रात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याने वडिलांना सांगितले होते. वडील रागावले नव्हते; इतके दिवस का लपवलेस, एवढेच म्हणाले होते. मग त्याने त्याच्या वर्गातल्या एका मुलाची आठवण काढली. तो शेवटच्या बाकावर बसायचा, गणितात दोनदा नापास झालेला. आता चाकणला त्याचा छोटा कारखाना आहे असे कानावर आले होते. "त्याचा नंबर असेल का सर तुमच्याकडे?"

नंबर मजजवळ नव्हता. पण तो कोणाजवळ असेल, हे मला ठाऊक होते. आणि त्या गृहस्थांशी गेली सहा वर्षे माझे बोलणे झालेले नव्हते.

"थांब थोडा," मी म्हणालो, "मागून बघतो."